शर्यतीत थांबणारे मिस्त्री

अख्ख्या बीड जिल्ह्यात इतक्या रुबाबात हरणारा दुसरा माणूस नाही. निवडणुकीत पडलेले पुढारी मी पाहिलेत, आखाड्यात चितपट झालेले पैलवान पाहिलेत, त्यांची तोंडं त्या वेळी कशी होतात तेही पाहिलंय. पण आमच्या शेजारचे मिस्त्री व्हिडिओ गेमच्या शर्यतीत आठातले आठवे येतात, टॅब मांडीवर पालथा घालतात, दाढीवरून हात फिरवतात आणि समाधानानं म्हणतात, "गाडी मस्त चालली आज." पुढं गेलेल्या सात जणांचा त्यांना राग नसतो. उलट थोडी कीवच असते. "लई घाईत हायेत बिचारे," एवढंच बोलतात आणि मला चहा सांगायला लावतात.

मिस्त्री म्हणजे मोटार मिस्त्री. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि त्यांचं गॅरेज यांच्यात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीतून त्यांचा आवाज असा येतो की भिंत नसती तरी चाललं असतं. चाळीस वर्षं त्यांनी ऊसतोडीला जाणारे ट्रक, ट्रॅक्टर, जीपा असं सगळं उघडून पुन्हा जोडलंय. त्यांचा सगळा भरवसा कानावर. रस्त्यावरून गाडी गेली की मान वर न करता सांगणार, "बेअरिंग बोलतंय." एकदा माझ्या घरी आले, दारातच थांबले आणि चपला काढायच्या आधी आमच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, मिक्सरचं बुश गेलंय." बायको चटणी वाटत होती. तिनं मिक्सर बंद केला तो आजतागायत त्यांच्यासमोर चालू केला नाही. आणि वरातीचा किस्सा तर गावाला पाठ आहे. नवरदेवाची फुलं लावलेली गाडी गॅरेजसमोरून चालली होती, मिस्त्री तिला आडवे आले. "एक प्लग मिस करतोय!" झालं! बॉनेट उघडलं, बँड थांबला, करवल्या उन्हात उभ्या. नवरीकडची माणसं विचारपूस करायला आली तेव्हा नवरदेव फेटा सांभाळत, हातात काळा प्लग धरून उभा होता. तरी जाताना मिस्त्रींनीच त्याला बजावलं, "आता वळणावर दाबू नको लई."

त्यांच्या गॅरेजाला पाटी नाही, पण कायदे दोन आहेत. पहिला कायदा ठिपक्याचा. ज्यानं नट शेवटचा आवळला त्यानं त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे उद्या चाक निखळलं तर मान कुणाची पकडायची ते सगळ्यांना माहीत. दुसरा कायदा रस्त्याचा. बंद पडलेल्या गाडीला ओलांडून जायचं नाही, थांबायचंच. या दुसऱ्या कायद्यापायी मिस्त्री सख्ख्या भाचीच्या लग्नाला पालीला निघाले आणि मंडपाचे बांबू काढत होते तेव्हा पोचले. वाटेत कुणाचा तरी टेम्पो उभा होता. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पुढं महिनाभर त्यांना ताटात वाढलं पण तोंडानं वाढलं नाही, असं ते स्वतःच सांगतात.

असा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशननं खुर्चीत बसवला तर काय होईल? डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने गाडीखाली शिरायचं नाही. मिस्त्रींनी खुर्ची माझ्या दुकानाच्या दारात मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला रोग सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं स्कूटर लांब लावून चोरासारखी यायला लागली. शेवटी मी वैतागून एक जुना टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यात गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकून दिला. हेतू एकच, बाबा आता गप बस.

गेम साधाच आहे. आठ जण आठ गावांहून खेळतात. प्रत्येकानं आपली बुटकी गाडी आपणच जोडायची. सांगाडा निवडा, चाकं निवडा, हॉर्न निवडा, वाटलं तर पंख लावा. मग तीन फेऱ्या, आणि गंमत अशी की प्रत्येक फेरीत रस्ता बदलतो. पहिल्या फेरीत सडक, दुसरीत डोंगर खचतो, तिसरीत पाण्याचा लोंढा. पोरं एका मिनिटात गाडी जोडून पळवतात. मिस्त्रींना पहिली गाडी जोडायला तीन दिवस लागले. आंघोळीच्या टपासारखा एक सांगाडा होता, तो त्यांनी पाहिल्याबरोबर बाद केला. "नळाला पानी आठ दिवसांनी येतंय आन् हे टप पळवायलेत!" पंखांवर तर त्यांचा विश्वासच बसेना. "याचं ग्रीसिंग कोन करनार? तू?" शेवटी मागं ट्रॅक्टरची मोठी चाकं, पुढं छोटी, ट्रकचा हॉर्न, आणि सगळं झाल्यावर रंगाच्या डबीतून पिवळा घेऊन मागच्या चाकाच्या एका नटावर बारीकसा ठिपका. तो ठिपका जमेपर्यंत माझ्या दोन गिऱ्हाइकांचे मोबाइल तसेच पडून राहिले.

मग शर्यती सुरू झाल्या. प्रत्येक वळणावर हॉर्न. मागून कुणी आलं की बाजूला होऊन साइड. गाडीला इंडिकेटर नाही म्हणून गेम काढणाऱ्याच्या अकलेचा उद्धार. त्या गेमात मागच्याच्या वाटेत ऑइल सांडायची सोय आहे, त्याशिवाय कुणी जिंकत नाही. मिस्त्री त्या बटणाला बोट लावत नाहीत. "रस्त्यावर ऑइल सांडायला आपन काय पिसाळलोत का बे?" रस्ता बदलला की बाकीच्यांची पळापळ होते, यांची भुवई हलत नाही. "शिरूर कासारहून तीस वर्षं गाड्या वढून आनल्यात. जाताना रस्ता, येताना वढा. हे आमाला कावून शिकवतो?" तिसऱ्या फेरीत समोर धबधबा कोसळला तर टॅब माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "बघ, कपिलधार!" आणि पाणी बघत उभे राहिले, तेवढ्यात तिघं पुढं गेले.

आणि सगळ्यात मोठा घोळ दुसऱ्या कायद्याचा. कुणाचीही गाडी खड्ड्यात पडली की मिस्त्री थांबणार. मी कपाळ बडवून सांगितलं की अहो, ती पाच-सहा सेकंदांत आपोआप वर येते, गेमच तसा केलाय. ते थांबायचे, हॉर्न वाजवायचे, गाडी वर आली की माझ्याकडं विजयी नजरेनं बघायचे. "आली का न्हाई? आपन थांबलो म्हून आली." यावर काय बोलणार, कपाळ?

इथवर सगळा हसण्याचा मामला. पण त्यांच्या ज्या गोष्टीवर मला हसू येत नाही तीही सांगायला हवी. मिस्त्रींना एकच लेक. ती त्या गॅरेजात वाढली, फ्रॉकच्या वयात नटबोल्टचे पाने ओळखायची, आणि वीस वर्षांची होईतो इंजिन उतरवून पुन्हा चढवायची. तिच्या हातचा ठिपका असला की गिऱ्हाइक निश्चिंत. मग एक स्थळ आलं, त्या लोकांनी मुलीच्या काळ्या बोटांवर काहीतरी शेरा मारला, आणि जगात कुणाचं ऐकून न घेणाऱ्या या माणसानं नेमकं तेच ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी भर गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला. "उद्यापासून हितं यायचं न्हाई." ती म्हणाली, "मग कुठं जाऊ?" मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. ती पुण्याला गेली, एका मोठ्या वर्कशॉपात लागली. स्थळ मोडलं ते मोडलंच. तीन वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. चाची रोज फोन करायच्या, फोन पुढं करायच्या, मिस्त्री नमाजाची वेळ झाली म्हणून उठायचे. नसलेल्या वेळेलासुद्धा उठायचे. मला फार राग यायचा त्यांचा. मेल्या मिक्सरचं बुश ऐकू येतं आणि घरातलं काही ऐकू येत नाही, असं एकदा तोंडावर बोललोही. ते खुर्ची उचलून आत गेले. त्या दिवशी टॅबही नेला नाही.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. असरची, म्हणजे दिवस कलतानाची, नमाज झाली की मिस्त्री माझ्याकडं येऊन बसायचे आणि चार-पाच शर्यती हरून घरी जायचे. आठवडाभर मी बघत होतो, त्यांच्या पहिल्या शर्यतीत एक निळी गाडी रोज असायची. नाव म्हणून नुसते आकडे. चालवणारा हुशार होता, वळणं लोण्यासारखी कापायचा, पण पुढं म्हणून जायचा नाही, मिस्त्रींच्या मागं-मागंच. एक शर्यत झाली की गायब. मिस्त्री म्हणाले, "कुनीतरी शिकाऊ हाय. आपलं बघून शिकतोय." बोला आता!

त्या दिवशी तिसऱ्या फेरीत लोंढ्यानं सडक मधूनच फाटली आणि ट्रॅक्टरची चाकं घेऊन मिस्त्री थेट खड्ड्यात गेले. बाकीचे सहा जण वरून भुर्रकन निघून गेले. निळी गाडी मागून आली आणि खड्ड्याच्या काठाशी थांबली.

मी म्हणालो, "त्याचा चार्ज गेला वाटतं."

मिस्त्रींची गाडी वर आली तरी ते पळवेनात. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि टॅब पार डोळ्यांशी नेला. शर्यतीत गाड्या एवढ्या पळतात की चाक दिसत नाही. आता दोन्ही गाड्या उभ्या होत्या. निळ्या गाडीच्या मागच्या चाकावर, एका नटावर, पिवळा ठिपका होता.

"थांबली बे," मिस्त्री म्हणाले. आवाज असा की मला वाटलं गुडघ्यात कळ आली.

नंतर कळलं की सगळा कारभार चाचींचा. कुठला गेम, कुठली वेळ, शर्यतीत शिरायचा नंबर कोणता, सगळं त्यांनी लेकीला कळवलं होतं, आणि ती रोज चहाच्या सुट्टीत एक शर्यत बापाच्या मागं फिरून परत कामाला लागत होती. त्या क्षणी मात्र आम्हा दोघांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की या जगात शर्यत सोडून खड्ड्याशी थांबणारी माणसं दोनच, आणि त्यातला एक माझ्या स्टुलावर बसलाय.

मिस्त्रींनी हळू गाडी काढली. निळी मागं. शेवटच्या कमानीशी आल्यावर मिस्त्रींनी साइड दिली, पुढं जा म्हणून. निळीही थांबली. उस्तादाच्या पुढं कशी जाणार? यांनी हॉर्न दिला, तिनं हॉर्न दिला. वर घड्याळ लाल झालं, सेकंद पळायला लागले. मी ओरडलो, "अहो, कुणीतरी जा!" कुणी गेलं नाही. दोन गाड्या कमानीपाशी उभ्या.

त्या गेमात एक बटण दाबून दुसऱ्याशी बोलता येतं. पोरं त्यावर शिव्या देतात म्हणून मिस्त्री त्याला कधी शिवले नव्हते. त्या दिवशी दाबलं. घरात त्यांची बोली दखनी. चाचींशी, लेकीशी सगळं दखनीत. मराठी ही गॅरेजातली भाषा, गिऱ्हाइकांची, कामाची. मला वाटलं आता "बेटी" म्हणतील, रडतील. मिस्त्रींनी घसा खाकरला आणि मराठीत विचारलं,

"गाडी कशी हाय?"

पलीकडं वर्कशॉपातला हातोड्याचा आवाज. मग ती मराठीतच बोलली, "डावीकडं वढती, अब्बा."

"घिऊन ये. बघू."

घड्याळ संपलं. दोघंही हरले, तसं टॅबवर मोठ्या अक्षरात आलं. त्या गेमातली गाडी कधी डावीकडं ओढत नाही, उजवीकडंही ओढत नाही. हे मी पन्नास वेळा खेळून बघितलंय. मी त्यांच्याकडं पाठ फिरवून उभा राहिलो आणि उगाच एका मोबाइलचं झाकण काढून लावत बसलो.

पुढच्या शुक्रवारी ती आली, स्वतःच्या जुन्या गाडीतून. त्या गाडीला खरंच काही झालं होतं की नव्हतं, देवालाच माहीत. मी पाहिलं तेव्हा गाडीखालून चार पाय बाहेर आले होते, दोन झिजलेल्या चपलेतले आणि दोन बुटातले, आणि आतून भांडणाचा आवाज येत होता. डॉक्टरांचे दोन महिने अजून भरायचे होते, पण हे मिस्त्रींना सांगायची माझी काय टाप! चाची चहा घेऊन दारात उभ्या होत्या आणि कुणी तो घ्यायला बाहेर येत नव्हतं. रविवारी ती परत गेली. तिचंही तिकडं काम आहे, बस्तान आहे. गॅरेजात परत ये असं मिस्त्री म्हणाले नाहीत, तिनंही विचारलं नाही. जाताना चाकाच्या एकाच नटावर दोन ठिपके होते.

सोमवारी असर झाल्यावर मिस्त्री नेहमीसारखे येऊन स्टुलावर बसले. शर्यत सुरू झाली. निळी गाडी नव्हती. सुट्टीमुळं साचलेलं काम असेल. मिस्त्रींनी दोनदा मागं वळून बघायचं बटण दाबलेलं मी पाहिलं. दुसऱ्या फेरीत कुठल्यातरी लाल गाडीवाल्यानं खड्डा खाल्ला आणि मिस्त्री थांबले. बाकीचे निघून गेले.

मी म्हणालो, "आता कावून थांबता? ती तर नाही आज."

टॅबवरची नजर न काढता ते म्हणाले, "कुनाचं तरी लेकरू असंल बे," आणि हॉर्न वाजवला.