गोठ्यावरच्या डब्याची वेळ

धाकटा भाऊ गेल्यावर शेतात त्याचं म्हणावं असं एकच काम उरलं. रेणापूरजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत त्यानं खांबांवर छोटे डबे बसवले होते. प्रत्येक डबा मातीतली ओल मोजतो आणि बिनतारी शेजारच्या डब्याला कळवतो, तो पुढच्याला. असा निरोप घरातल्या मुख्य डब्यापर्यंत येतो आणि ठिबकचं पाणी सोडायचा हुकूम त्याच वाटेनं परत जातो. बॅटरी वाचावी म्हणून सगळे डबे झोपलेले असतात. ठरल्या क्षणी एकदम जागे होतात, बोलतात, पुन्हा झोपतात. घड्याळं जुळली नाहीत तर एक बोलतो तेव्हा दुसरा झोपलेला.

उन्हाळ्याच्या तोंडी मुख्य डबा जळाला. लातूरहून नवा आणून बसवला, सगळे डबे त्याच्याशी जुळवले, आणि दोन दिवसांत गोठ्यापलीकडं पाणी जाणं बंद झालं. मी नांदेडला शिकवते. दर शनिवारी बसनं गावी यायचं, भावाच्या फायली वाचून सगळ्या डब्यांची घड्याळं जुळवायची, आणि सोमवारी आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन यायचाच. "बंद पडलं बाई." दुरुस्तीवाला येऊन डबे चांगले असल्याचं सांगून गेला. मग बिघाड होता तरी कुठं?

शेवटी आप्पा वैतागले. "या रविवारी चाललं तर चाललं, न्हाई तर समदं काढून टाकतो. रोपं वाळून चालली अन् तू वाचूनच राहिली."

त्या रविवारी सकाळी मी गोठ्यापाशीच थांबले. आप्पा धार काढून आले, धोतराला हात पुसले आणि खांबावरच्या डब्याचं बटण दाबू लागले. वेळ दाखवणारा पडदा तेवढ्याच डब्याला होता.

"आप्पा, काय करताय?"

"पुढं करून राहिलो. तू आली की मागं जातं बघ हे."

"पण कामून?"

"घड्याळ पुढंच असावं. लातूरची बस कधी चुकली का तुमची?"

आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं असतात, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण बागेलाही कुठली बस धरायची होती?

"इतके शनिवार गेले माझे! अन् तो होता तेव्हा कसं चालत होतं मग?"

"तो असताना तर हे पुढंच होतं," आप्पा म्हणाले. "त्यानं कधी मागं केलं न्हाई."

म्हणजे त्यानं अख्खी बागच दहा मिनिटं पुढं नेली होती. फायलींत तारेच्या रंगापर्यंत सगळं लिहिलेलं. याबद्दल एक शब्द नाही. समोर असता तर खूप बोलले असते त्याला.

मी घरात गेले, मुख्य डबा दहा मिनिटं पुढं केला आणि बागेतले बाकीचे डबेही त्याच्याशी जुळवले. डब्यांना खरी वेळ लागत नाही, सगळ्यांची एक लागते. दुपारी शेवटच्या ओळीतली माती काळी झाली. आप्पा खांब उपटायचं बोलले नाहीत.

आता तोट्या रोज पंपाची लाइट यायच्या दहा मिनिटं आधी उघडतात आणि कोरड्याच थांबून राहतात, स्टँडवर आम्ही दोघं दप्तरं घेऊन थांबायचो तशा.