मामांचे शेवटचे अकरा भागाकार

मामीचा फोन आला तेव्हा मी तळेगाव स्टेशनबाहेर भूसंपादनाविरुद्धची पत्रकं वाटत होते. "तुझं मामा गेलं गं..." एवढंच ती म्हणाली. त्याला आता सात आठवडे झाले. सगळे मामांबद्दल चांगलंच बोलतात. मीही बोलेन, पण मला एक कबुलीही द्यायची आहे.

सोपानमामा वडिवळ्याचे. भातशेती सांभाळून त्यांनी तळेगावच्या एका कारखान्यात तपासनीसाची नोकरी केली. यंत्रातून निघालेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, मगच कागदावर सही. "दुसऱ्यानं मोजल्यालं आपुन सही करत न्हाई," हे ते जेवतानाही सांगायचे. निवृत्तीनंतर कुठल्याशा रविवार पुरवणीत त्यांना ७३९३९१३३ ही संख्या भेटली. ती मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. शेवटचा आकडा खोडला तर उरणारी ७३९३९१३ सुद्धा मूळ. मग ७३९३९१, ७३९३९... थेट ७ पर्यंत तसंच. उलट शेवटी कुठलाही आकडा जोडा, मूळपण जातं. "सोलत गेलं तरी आतून तशीच. लय चिवट हाये," मामा म्हणाले.

मी फोन पुढे केला. "मामा, हा एका सेकंदात सांगतो."

"त्याला कळलं. मला कुटं कळलं?"

८५९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं; संख्येचं वर्गमूळ तिथवरच, म्हणून पुढे गरज नाही. अशा संख्या हजाराच्या वर. रोज सकाळी पडवीत बसून दोन भागाकार आणि उरलेली बाकी वहीत. दीड वर्ष हे चाललं. मी चिडायचे. "इथं लोकांच्या जमिनी चालल्यात आणि तुम्ही भागाकार करत बसलाय!"

"तुज्या पत्रकातलं आकडं तू सोता मोजलंस का?" ते विचारायचे. मी पत्रकं उचलून निघायचे.

मग आजारपण आलं... दवाखान्यात त्यांच्या हातात पेन ठरेना. ८५०१ पासून ८५९७ पर्यंत अकरा भागाकार राहिले होते. "एवढं करशील, पोरी?" म्हणून त्यांनी वही माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात आमचा मोर्चा होता. मी एकही भागाकार केला नाही. मनाला येतील त्या अकरा बाक्या लिहिल्या आणि सरकारच्या खोट्या आकड्यांविरुद्ध घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. संध्याकाळी वही परत नेली.

"सोता केलंस न्हवं?"

"हो, मामा."

त्यांनी पेन मागितलं आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मोजणीखाली सही केली. "झालं बाबा येकदाचं," म्हणून हसले. चौथ्या दिवशी गेले.

गेल्या रविवारी मी वडिवळ्याला गेले. मामीला सगळं सांगितलं. तिनं वही काढून माझ्यापुढे ठेवली. मग पडवीत बसून मी अकराही भागाकार केले. एकानंही भाग गेला नाही. माझी एकही बाकी बरोबर नव्हती, निष्कर्ष मात्र खरा निघाला. त्यानं काही हलकं वाटलं नाही. मामांना कळलं ते खरंच होतं, पण माझ्या शब्दावर... आणि त्यांना नेमकं तेच नको होतं.

मामी चहा घेऊन आली. रोज सकाळी मामांना विचारायची तसंच सवयीनं तिच्या तोंडून आलं, "आज किती उरलं?"

"चार हजार नऊशे तेहेतीस," मी शेवटच्या भागाकाराची बाकी वाचली.

"बरं," ती म्हणाली. "लिहून ठिव."