आत्यांचा गुडघा

हे मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. बहिणीपाशी तर माझ्या पोटात काही राहत नाही — तरी हे राहिलं. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आत्यांना पाहिलेलं नाही म्हणून असेल. ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापुढं माझं तोंडच उघडत नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. हे पूर्णेला रेल्वेत फिटर, मी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका, दोन खोल्यांचं रेल्वेचं क्वार्टर, आणि त्यात आत्या. बाई खमकी. जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेला, पण बोलणं पाटलिणीला लाजवील असं. दुपारी जेवणं झाली की काठी टेकत थेट माझ्या शाळेत यायच्या, हेडमास्तरांसमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "आमची सून शिकवती का नुसती खडू खाती?" सगळे मास्तर हसायचे. मीही हसायची. काय करणार? अकरा वर्षं हसले.

त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. उकिडवं बसून खुरपण करणाऱ्या बायकांचे जातातच. ह्यांच्या नोकरीमुळं आईचा इलाज रेल्वेच्या दवाखान्यात व्हायचा, म्हणून त्र्याण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही त्यांना सिकंदराबादला नेलं आणि उजवा गुडघा बदलून आणला. डावा पुढच्या वर्षी करू, असं ठरलं. हाड कापून आत लोखंड बसवलंय, ही बातमी पूर्णेत अशी पसरली की बायका बघायला यायला लागल्या. शेजारच्या काकूंनी तर विचारलं — लोहचुंबक चिकटतं का हो? आत्या म्हणाल्या, "चिकटवून बघ, पर काढून तू न्यायचं."

आत्यांनी एवढं कापून घ्यायला होकार का दिला, ते सांगायला हवं. त्यांना चालायचं होतं, हे तर झालंच. पण कुठं जायला? औरंगाबादला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या भागात गावोगाव पेटलं, तेव्हा आत्यांचंही घर जाळलं होतं. त्या तेव्हा तापानं फणफणलेल्या. वस्तीतल्याच लोकांनी त्यांना उचललं, बैलगाडीत पोत्यांच्या मागं टाकलं आणि गावाबाहेर काढलं. त्या गावात त्या पुन्हा गेल्या नाहीत. जळाल्याचं त्या फारसं बोलायच्या नाहीत. उचलून टाकल्याचं मात्र बोलायच्या — "पोत्यावानी आणलं मला." आणि त्यापुढं ठरलेलं वाक्य असायचं, की विद्यापीठाला नाव लागलं की मी माझ्या पायानं जाणार अन् त्याच्या दारातल्या कमानीखाली उभी राहणार. नाव लागेल की नाही, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? आत्यांना माहीत होतं.

तर गुडघा. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या साहेबांनी निघताना मला बाजूला घेऊन बजावलं होतं, दखनी हिंदीत — छे हफ्ते. छे हफ्तों में मुड़ा तो मुड़ा, बाद में रोए तो भी नहीं मुड़ता. सकाळी तीस, दुपारी तीस, संध्याकाळी तीस. पलंगाच्या कडेला बसवून पाय खाली सोडायचा, आत्यांनी तो मागं ओढायचा, आणि शेवटी शेवटी मी नडगीवर हात ठेवून अजून थोडा दाबायचा. दाबणं महत्त्वाचं, त्यांनी दोनदा सांगितलं. मला नीट कळलं होतं. कळलं नव्हतं, असं मी कधीच म्हणणार नाही.

आत्यांना विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं, आणि दुखताना तर विसापर्यंतही नाही. म्हणून त्यांनीच युक्ती काढली — तीस चिंचोके. एका ताटलीत तीस ठेवायचे, एकदा पाय वाकला की मी एक चिंचोका दुसऱ्या ताटलीत टाकायचा. ती ताटली भरली की सुटका. हे ड्युटीवरून आले की आधी ताटलीकडं बघायचे. भरलेली दिसली की आईला म्हणायचे, शाब्बास.

आणि दुखायचं किती! आत्या म्हणायच्या, "कापलं ते बरं व्हतं गं, हे वाकवणं नगं." पदराचा बोळा दातात धरायच्या, डोळे गच्च मिटायच्या, आणि त्या बोळ्यातून जो आवाज यायचा तो माझ्या अंगावर काटा आणायचा. गोळ्या होत्या, त्या तासभर पुरायच्या. टॉवेलात बर्फ बांधून मी शेकायची, तेवढ्यापुरतं बरं. गुडघा गरम लागायचा हाताला, भाकरीच्या तव्याची आठवण यायची. एकदा त्यांनी माझा हात ढकलून दिला आणि लगेच म्हणाल्या, चुकले बाई, दाब. अशी बाई ती.

पहिले आठ-दहा दिवस मी नेमानं केलं. मग एका दुपारी — त्यांचे डोळे मिटलेले होते — एकदा वाकला आणि मी दोन चिंचोके टाकले.

दया आली म्हणून? हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दया आली होती, खोटं नाही. पण नुसती दया असती तर त्या एका दुपारपुरती असती. मी रोज करायला लागले. दोनाचे तीन झाले. दाबणं तर मी सोडूनच दिलं; नुसता हात ठेवायची. तिसाचे दहा-बारा व्हायचे. त्या विचारायच्या, "झाले का गं?" मी म्हणायची, झाले. त्या डोळे उघडून भरलेली ताटली बघायच्या आणि बोळा काढून हसायच्या. किती लवकर झाले आज, म्हणायच्या. सवय व्हायली बघ मला.

मग का केलं? कंटाळा — हो. सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेले, स्वयंपाक, रजा संपून शाळा सुरू झालेली, दुपारी घरी येऊन जायचं. पण तेही पूर्ण खरं नाही. आता इथवर आलेच आहे तर सांगते. आत्या पलंगावर होत्या, ते मला बरं वाटत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याकडं पाणी मागत होत्या, हळू आवाजात. अकरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी शाळेच्या दारात ती काठी वाजत नव्हती. मधल्या सुट्टीत मी शेंगा खात बसायची आणि कुणी माझ्यावर हसत नव्हतं. त्या कायमच्या बसून राहाव्यात असं मला वाटत होतं का? तसं नाही. पण लवकर उठाव्यात असंही वाटत नव्हतं. तेवढ्यासाठी मी दिवसातून तीनदा खोटं मोजत होते.

सहा हप्त्यांनी परत सिकंदराबादला नेलं. साहेबांनी पाय वाकवून पाहिला, मोजला, आणि त्यांचा चेहराच उतरला. अर्ध्यावर येऊन पाय थांबत होता, पुढं दाबला की आत्या किंचाळत होत्या. ते माझ्याकडं वळले — बेटी, कराया नहीं तुमने? ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात आत्याच बोलल्या. पोरीला बोलू नका साहेब, म्हणाल्या. तिनं तिसाला एक कमी केलं न्हाई. मीच दुखतंय म्हणून पाय आखडून धरत व्हते, चोरत व्हते मी. हे त्यांनी मला वाचवायला म्हटलेलं नव्हतं. त्यांना तसंच वाटत होतं. ताटली भरलेली त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिली होती, मग चूक दुसऱ्या कुणाची असणार? ह्यांनी मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. परतीच्या गाडीत हे मला म्हणाले, तू तरी काय करणार बिचारी. मी मान हलवली.

नंतर महिनाभर मी खरे तीस केले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दाबून. काही झालं नाही. साहेब बोलले होते तसंच झालं.

जानेवारीत, संक्रांतीला, नाव लागलं. आमच्या वस्तीत काय झालं ते सांगायला नको — पेढे, निळे झेंडे, रडणं, हसणं, आणि त्यात थोडी भीतीही. पाचसहा दिवसांनी गाड्या नीट सुरू झाल्यावर वस्तीतली पंचवीस-तीस माणसं औरंगाबादला निघाली. मनमाडच्या रेल्वेलाइनीचं काम चालू होतं, म्हणून एसटीनं. आत्या पांढरं पातळ नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, वॉकर धरून स्टँडवर आल्या. घरापासून पायी आल्या. त्या एवढ्याशा वाटेला पाऊण तास लागला.

एसटीची पहिली पायरी किती उंच असते! उजवा पाय त्यांनी उचलला, तो पायरीला पोचेना. डावा ठेवला, तर त्या सडक्या गुडघ्यावर अंग पेलेना. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. सगळी गाडी बघत होती. कंडक्टर चांगला माणूस, तो खाली उतरला. म्हणाला, आजी, दोघं धरतो, उचलून घेतो, एका मिनिटाचं काम. ह्यांनीही काखेत हात घातले.

"उचलायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. जोरात नाही. पण ह्यांनी हात काढून घेतले.

मग त्या मला म्हणाल्या, तू जा. बघून ये अन् मला सांग. हे त्यांना घेऊन घरी वळले आणि मी गाडीत चढले — दोन्ही गुडघे वाकवून, खिडकीची जागा धरून. नाही म्हणायला हवं होतं ना? मी नाही म्हटलं नाही. मी त्या कमानीखाली उभी राहिले. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. माझ्याही पडल्या एक अनोळखी बाई, आणि मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं आनंदानं आलं.

परत आले. आत्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, वाट बघत. मी सगळं सांगितलं — अक्षरं केवढी, गर्दी केवढी, माती कपाळाला लावणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांनी दोनदा ऐकलं. अक्षरांचं तीनदा. मग गुडघ्यावरून हात फिरवत बसल्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्या गेल्या. डावा गुडघा करायचा राहिला. त्यांनीच नको म्हटलं होतं. पण मला जे सांगायचं ते मी औरंगाबादहून परत आले त्या संध्याकाळचं आहे. हे भाजी आणायला गेले होते. घरात आम्ही दोघीच.

आत्या म्हणाल्या, "तुझी लय रजा गेली माझ्यापायी. तू जीव तोडून करत व्हतीस अन् मीच पाय चोरला. मनात ठिवू नको बाई. माफ कर मला." आणि त्यांनी हात जोडले. सासूनं, सुनेला. त्या बाईनं आयुष्यात कुणापुढं जोडले नसतील.

मला सांगता आलं असतं. अडवायला तिथं कुणी नव्हतं. मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हणाले, "जाऊ द्या आत्या. केलं माफ."