झोपलेला पाहुणा आणि खिम्याचे थर

सुरी घातली, उलथनं खाली सरकवलं, तुकडा उचलला आणि ताटात पोचेपर्यंत तो तुकडा राहिलाच नाही. खिमा एकीकडे, वांगी दुसरीकडे, वरचा पांढरा सॉस सगळ्यांच्या पायाशी. निको साहेबांनी चमचा मागितला. सुरी-काट्याने खायच्या पदार्थाला पाहुणा चमचा मागतो, म्हणजे स्वयंपाक्याने काय ते समजून घ्यावं.

मद्रासजवळ ओरगडमला एका गाड्यांच्या कंपनीचं गेस्ट हाऊस आहे. तिथे मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. शिक्षण चौथी, तीही साताऱ्याकडच्या गावात. मद्रासला आलो तो एका बिर्याणीवाल्याच्या हाताखाली. इकडे स्वयंपाक्याला मास्टर म्हणतात. त्या कंपनीत इंजिनिअर शंभर असतील, मास्टर मी एकटा.

निको साहेब मशीन बसवायला आलेले परदेशी इंजिनिअर. साठीचे, अंगाने रुंद, बोलणं हळू. दोन महिने निमूट इडली खाल्ली. जायच्या आठवड्यात त्यांनी आपल्या घरचा पदार्थ मागितला. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांनी न विचारता ओळखलं, आणि मशीनचं काढतात तसं चित्रच काढून दिलं. ट्रे मधोमध कापला तर आत काय दिसेल ते. तळाला बटाट्याच्या चकत्या, वर तळलेली वांगी, मग मटणाचा खिमा, परत वांगी, आणि सगळ्यात वर व्हाइट सॉस, म्हणजे लोण्यात मैदा भाजून दूध घालून आटवलेली दाट पेज. ट्रे ओव्हनमध्ये तासभर. त्यापुढच्या चित्रात ओव्हनच्या बाहेर ठेवलेला ट्रे, शेजारी घड्याळ. बाहेर काढल्यावर पाऊण तास हात लावायचा नाही.

मला ते कळलं होतं. तरी त्या दिवशी मी मुद्दामच थांबलो नाही. बिर्याणीचा दम पाहुण्यासमोर फोडायचा, वाफ त्याच्या तोंडावर आली पाहिजे, हे मी पोरवयापासून करत आलोय. माणूस जेवायला बसलाय आणि त्याच्यापुढे अन्न निवत ठेवायचं, हा त्याचा अपमान. एका कागदावरून मी ते मोडणार नव्हतो.

मॅनेजर शिवकुमार स्वयंपाकघरात आले. आमचं बोलणं तमिळमध्ये चालायचं, इथे मराठीत लिहितो.

"काय मास्टर, सांबार-भात केलात का आज?"

"वांग्यांना पाणी सुटलं."

"वांग्यांवर घालू नका. हेड ऑफिसला डिप्लोमावाला शेफ हवाय. पहिल्या तारखेपासून. मी तुमच्यासाठी थोपवून धरलंय, पण किती दिवस?"

"मग?"

"साहेब रविवारी जातायत. जाताना ते तुमच्याबद्दल दोन ओळी लिहितील तर मला वर बोलता येईल. नाहीतर मास्टर, तुम्ही घरी."

"रविवारी परत करतो."

"रविवारी इथे पेस्ट कंट्रोल आहे. किचन बंद."

"मग माझ्या घरी आणा त्यांना!"

रागात बोलून गेलो. माझ्या घरी ओव्हन नव्हता.

अंबत्तूरला आमच्या दोन खोल्या. गेस्ट हाऊसचा चौकोनी ट्रे पिशवीतून आणला. माझी बिर्याणीची जुनी डेग माळ्यावर होती, ती काढली. तळाला वाळू पसरली, वाळूवर ट्रे बसेल असं जमवलं, खाली गॅस. वरून आच हवी म्हणून सुमन, माझी बायको, खालच्या इस्त्रीवाल्याकडून पाटीभर निखारे घेऊन आली. रविवारचे कपडे घेऊन बसलेला तो बिचारा इस्त्री थंड करून वर बघत राहिला.

या पदार्थात खरी भीती पाण्याची. वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवलं, पाणी सुटलं ते पिळून काढलं, मग तळल्या. खिमा कांदा-टोमॅटोत इतका परतला की कढईत चमचा ओढला तर मागे कोरडी वाट राहावी. थर लावून वर जायफळ घातलेला सॉस ओतला. झाकण, झाकणावर निखारे. तासाभराने झाकण उचललं तर सॉस जागोजाग बदामी झालेला आणि कडेने बुडबुडे फुटत होते.

निको साहेब आणि शिवकुमार बाराला आले होते. साहेब ताक पिऊन वेताच्या खुर्चीत, पंख्याखाली. मी ट्रे नेऊन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. हातात सुरी. साहेबांनी ट्रेकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं. मी ताटं आणायला आत गेलो आणि बाहेर येतो तर साहेबांची मान छातीवर. गाढ झोप.

"उठवतो," मी म्हणालो.

सुमनने माझं मनगट धरलं. "अहो, झोपलेल्या माणसाला जेवायला उठवतात का?"

"निवतंय ते!"

"निवू दे. माझ्या मेव्हण्याला असंच उठवलं होतंत. वर्षभर बोलला नव्हता तो."

शिवकुमार कुजबुजले, "मास्टर, मलाही भूक आहे."

"तुम्ही जागे आहात, तुम्ही थांबा," सुमन म्हणाली.

पाहुण्याला ताटकळत ठेवू नये, आणि पाहुण्याची झोप मोडू नये. दोन्ही माझ्याच घरच्या रीती, आणि त्या दिवशी दोन्ही माझ्यासमोर उभ्या. मी सुरी मांडीवर ठेवून ट्रेजवळ खाली बसलो. नोकरी डोळ्यांदेखत थंड होत होती.

दुपार अशी की आवाजसुद्धा दमलेले. पंखा फिरत होता. समुद्राचा वारा आमच्याकडे उशिरा पोचतो, तो अजून वाटेत कुठेतरी असणार. खिडकीचा पडदा एकदा आत आला, काही सांगायचं राहिल्यासारखा थांबला, परत गेला. ट्रे बोलत होता. आधी भराभर, तव्यावर पाणी पडल्यासारखा. मग अडखळत. मग मधूनच एखादा बुडबुडा, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही. मी इतकी वर्षं रांधलं, पण शिजून झालेलं अन्न असं कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे तेवढ्यात ताटं वाढून व्हायची.

माझेही डोळे जड झाले. वाटलं, मीच त्या ट्रेमध्ये आडवा आहे. अंगाखाली बटाट्याची गादी, वर सॉसची पांढरी दुलई, आणि वांगी कूस बदलून माझ्या जवळ सरकतायत. कुणी घाई करत नव्हतं. खिम्याचं तेल वर आलेलं, ते हळूहळू परत आत मुरत होतं. कडेला ट्रे आणि सॉस यांच्यात केसाएवढी फट पडली. जायफळाचा वास खाली उतरला, मटणाचा वर आला, आणि मग दोन्ही एकाच उंचीवर तरंगत राहिले.

पाऊण तास झाला असेल, खुर्ची करकरली. साहेब डोळे चोळत उठले.

मी सुरी घातली. या वेळी ती आत जाताना थर न थर हाताला कळला. तुकडा उचलला, ताटात ठेवला. तो उभा राहिला. बटाटा, वांगी, खिमा, वांगी, सॉस, कागदावर होते तसे. साहेबांनी सुरी-काटा घेतला. जेवण कोमट होतं, आणि कोमट असल्याने प्रत्येक थराची चव वेगळी लागत होती. शिवकुमारांनी तीनदा घेतलं. निघायच्या आधी साहेबांनी फोनवर बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि शिवकुमारांना दाखवलं. ते वाचून शिवकुमारांनी माझ्याकडे बघून 'झालं काम' अशी मान हलवली.

मी साहेबांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. ते मला समजेल असं, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत बोलले.

"मास्टर, मी झोपलो नव्हतो. सुरी पाहिली आणि डोळे मिटले. सांगितलं असतं, तर थांबला असतात?"

"नो, सर," मी म्हणालो.

ते हसत खाली उतरले.

डिप्लोमावाला शेफ पहिल्या तारखेला आलाच, पण माझ्या हाताखाली. मी आणखी तीन वर्षं मास्टर राहून सुटलो. आता हा पदार्थ घरीच करतो, सणाला नाही, मनात आलं की. नवशिक्याला माझं सांगणं एवढंच: वांगी पिळून घ्या, खिमा कोरडा करा, आणि बाहेर काढलेला ट्रे पाऊण तास शिवू नका. मी स्वतःही शिवत नाही. त्या कागदाचं ऐकून थांबायला लागलो असं मात्र कुणी समजू नये. पाहुणा झोपला होता, म्हणून थांबलो.