बारावी टाचणी

पडदा वर जातो. उजव्या हाताला खिडकी, खिडकीपाशी पायांनी चालवायचं जुनं शिलाई मशीन. त्याच्या मागे भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं कापडी आवरण. डाव्या हाताला जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, एकीवर टाकलेला टॉवेल. वेळ दुपारी बाराची. मशीनवर एक बाई बसली आहे, वय एकाहत्तर. डावा गाल सुजलेला, खालचा ओठ लोंबलेला, हनुवटीवरून रक्ताची बारीक धार गळ्याकडे निघालेली. दातांत टाचण्या धरलेल्या. पाय लयीत चालताहेत आणि चेहऱ्यावर कमालीची शांती आहे.

दारातून मी शिरतो. हातात गार केलेल्या सूपचा डबा. आयुष्यभर रंगमंचावर काम केलं, पण असा प्रवेश कधी पाहिला नव्हता.

ही बाई म्हणजे आमची टाचणीबाई. आमच्या नाटक मंडळीच्या कपडेपटात ती एकतीस वर्षं होती. मी बहुतेक राजेच केले, म्हणून ती मला ‘राजे’ म्हणायची, आणि राजाचा मान काय ठेवायची ते विचारू नका. झगा घालताना म्हणायची, "राजे, पोट आत घ्या. राज्य वाढलंय, झगा तेवढाच आहे."

तिच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, टाचण्या बाराच. बारा तोंडात, तोंडातून कापडात, कापडातून परत टाचण्यांच्या उशीत, आणि मोजून. तोंडात टाचण्या असल्या की ती बोलायची नाही. ‘हूं’ म्हणजे हो, ‘हूंहूं’ म्हणजे नाही, आणि लांबलचक ‘हूंऽऽ’ म्हणजे तुम्हाला अक्कल नाही. सगळ्या मंडळीला ती भाषा यायची. एकदा तिसरी घंटा झाली, प्रेक्षक गप्प झाले, आणि ही पडद्याच्या दोरीपाशी जाऊन उभी. "उघडायचा नाही. एक कमी आहे." व्यवस्थापक हातापाया पडला. हिचं एकच, हूंहूं. शेवटी टाचणी सापडली ती माझ्याच झग्याच्या काखेत. त्या प्रवेशात मला तलवार उपसायची होती! तेव्हापासून तिच्या मोजणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

दुसरा नियम असा की दिवसाचं राहिलेलं काम कागदावर लिहायचं आणि तो कागद मशीनच्या आवरणाला आतल्या अंगानं टाचायचा. काम संपल्यावर आवरण घालायला घेतलं की कागद डोळ्यांपुढे येणारच. वाचल्याशिवाय मशीन झाकताच यायचं नाही.

मंडळी बंद पडली तेव्हा ते मशीन तिनं घरी आणलं. नवरा आधीच गेला होता. मुलाच्या घरात, खिडकीपाशी, ती शेजारपाजाऱ्यांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची. मी दोन गल्ल्या सोडून राहतो. रोज चहाला जायचो.

सूनबाईंना ती जागा हवी होती. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घरात माणूस हातभर जागेसाठीही तरसतो. एका रात्री जेवताना मुलानं विषय काढला. मीही होतो टेबलावर. "आई, आता वय झालं. किती दिवस खटखट करणार?"

टाचणीबाईनं घास गिळला. "ज्या दिवशी माझी मोजणी एकानं जरी चुकेल, त्या दिवशी मशीन उचला. मी हूं की चूं करणार नाही."

"काका साक्षीला आहेत हां," मुलगा हसत म्हणाला. मीही हसलो. आज ते हसू मला टोचतं.

मग दात. पन्नास वर्षं दोरा दातानं तोडून वरच्या पुढच्या दोन दातांना खाचा पडल्या होत्या, जणू कानशीनं घासल्यात. त्यांचा तिला अभिमान होता. पण डाव्या बाजूच्या तीन दाढा मुळापासून सडल्या आणि ती रात्ररात्र गाल धरून बसायला लागली. सुईला आयुष्यभर न भ्यालेली ही बाई डॉक्टरच्या सुईला मात्र थरथर कापायची. म्हणून ठरलं की गुंगीचं औषध द्यायचं आणि तिन्ही एकदमच काढायच्या.

दोन दिवस आधी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची, पण बोलणं कसं स्वच्छ!

"आजी, औषध शिरेतून देणार. तुम्ही पूर्ण झोपणार नाही, पण नंतर बहुतेक काही आठवणार नाही. घरी गेल्यावर बोलाल, चालाल, अगदी शहाण्यासारख्या वागाल. त्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही."

"माझ्या शहाणपणावर एरवी तरी कोण ठेवतंय?" टाचणीबाई म्हणाली.

डॉक्टर हसली, पण पुढचं तिनं हसत सांगितलं नाही. कापडाचा बोळा तासभर दाबून धरायचा. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम प्यायचं नाही, नळीनं ओढून तर मुळीच नाही. गाल आणि ओठ चार-पाच तास बधिर राहतील, चावला गेला तरी कळणार नाही. सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, घाबरायचं नाही. गॅस, कात्री, सुरी, सही, सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. आणि सोबतच्या माणसानं सकाळपर्यंत हलायचं नाही. "हे सगळं लिहिलेला कागद त्या दिवशी सोबत देईन. घरात समोर लावा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी थांबतो ना. मला काय काम आहे?"

"तुम्ही नको, राजे. मुलगा येतोय. रजा टाकलीय त्यानं. पूर्ण दिवस!"

‘पूर्ण दिवस’ हे शब्द तिनं असे उच्चारले, जसे आम्ही कधीकाळी ‘हाउसफुल्ल’ म्हणायचो. दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना मध्ये घुसायचं नसतं, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे.

दाढा काढल्या त्या दिवशी जे झालं ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी जुळवलं. मुलानं दवाखान्यात सही केली, ‘मी सोबत थांबेन’ म्हणून. साडेदहाला आईला घरी आणलं, खुर्चीत बसवलं, मागे टॉवेल ठेवला, डॉक्टरचा कागद तिच्या हातात दिला. मग ऑफिसातून फोन आला. साहेब तापले होते.

"आई, तासाभरात जाऊन येऊ?"

"जा."

"बरं वाटतंय ना?"

"हूं."

तो गेला. त्याचं म्हणणं, ती अगदी नेहमीसारखी बोलत होती. बोलतच असणार. डॉक्टरनं तेच तर सांगितलं होतं.

मशीनवर सूनबाईंचा लांब ड्रेस होता, कडा आखूड करायला. त्या बिचाऱ्या सकाळीच सांगून गेल्या होत्या, "आज नाही हां आई, परवा-तेरवा जमलं तर." पण गुंगीतल्या माणसाला परवा कुठला आणि आज कुठला! समोर कापड होतं. हातांना जे येतं ते हातांनी केलं. बोळा काढून ठेवला आणि टाचण्या तोंडात धरल्या, नेहमीच्या डाव्या बाजूला. ती बाजू तर बधिर. एक टाचणी खालच्या ओठातून आरपार गेली होती आणि तिला पत्ताही नव्हता.

तर मी दारात उभा. डबा खाली ठेवला आणि मऊ आवाजात म्हणालो, "टाचणीबाई, तोंड उघडा. मोजायच्या आहेत."

मोजायच्या म्हटल्यावर तिनं तोंड उघडलं. मी एकेक काढली. ओठातली, ड्रेसच्या कडेतली, जिभेवरची. उशी रिकामी होती. सगळ्या मिळून अकरा.

"बारावी कुठंय?"

"हूंहूं," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी गोड हसली.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाली, तसंच उठवा आणि मोठ्या इस्पितळात घेऊन या, मी पोहोचते. छातीचा फोटो काढला, पोटाचा काढला. टाचणी नव्हती. मुलाला मी वाटेतच फोन केला होता. तेवढ्यात मुलगा धावत आला, पाठोपाठ सूनबाई. दोघांचे चेहरे पांढरेफटक. तेव्हा मला त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू?

घरी येऊन फरशी झाडली, ड्रेस उसवला, गादी उचलली. टाचणी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीबाई उशांना टेकून बसली होती. ओठाला टाका, गालावर निळं.

"काय झालं हो राजे? ओठाला काय लागलं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी तर झोपले होते. मी मशीनवर बसले? कधी?"

मुलगा माझ्याकडे वळला. "बघितलंत? आठवतही नाही तिला."

"अरे, ते औषधामुळे. डॉक्टरनं सांगितलं होतं. एकटं सोडायचं नाही, हेही सांगितलं होतं."

"काका, मी तासाभरासाठी गेलो होतो. उद्या टाचणी कुणाच्या अंगात गेली म्हणजे?"

"तो डॉक्टरचा कागद काढ. त्यावर सगळं लिहिलंय."

कागद शोधला. तोही मिळाला नाही. "तुझ्याच हातात दिला होता ना आई?" मुलानं विचारलं. मग तिनं उशी मागितली, टाचण्यांची. अकरा टाचण्या दोनदा मोजल्या आणि उशी मुलाच्या हातात दिली.

"मोजणी चुकली. न्या मशीन."

मी खूप बोललो. राजाच्या आवाजात बोललो, भिकाऱ्याच्या आवाजात बोललो. तिनं मला एक लांबलचक ‘हूंऽऽ’ दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आठवड्याच्या आत भंगारवाला आला. जिन्यातून अखंड उतरेना, म्हणून त्यानं तिथंच चाक वेगळं केलं, बैठक वेगळी केली. गालाची सूज तोवर उतरली होती. ती खुर्चीत बसून पातळ खिमट चमच्यानं खात होती आणि हातोडीच्या प्रत्येक घावाला तिचा चमचा थांबत होता.

खिडकीपाशी आता चपलांचं कपाट आलं.

पंधरा दिवसांनी सूनबाई जुन्या वस्तू काढत होत्या. खिळ्यावरचं आवरण त्यांनी खाली ओढलं. "हे एक राहिलंच. टाकून देते."

"मला द्या," मी म्हणालो. कशाला मागितलं कोण जाणे. कपडेपटाचा वास असेल त्याला, एवढंच मनात आलं.

घरी येऊन मी ते पलंगावर पसरलं आणि उलटं केलं. आतल्या अंगाला एक कागद टाचलेला होता. वर दवाखान्याचं नाव, खाली ठळक अक्षरांत पहिलीच ओळ: ‘रुग्णाला उद्या सकाळपर्यंत एकटे सोडू नये.’ आणि तो कागद धरून होती एक टाचणी, आडवी, टोक परत कापडात दडवलेली, हाताला लागू नये म्हणून.

गुंगीतही तिनं नियम पाळला होता. हातात कागद आला, तो आवरणाला टाचला, आणि मग उरलेल्या अकरा तोंडात धरल्या. तिला आठवण नसली तरी हातांना होती. आणि मला? तो नियम मला एकतीस वर्षं माहीत होता. आवरण माझ्या डोळ्यांसमोर लटकत होतं. त्या दुपारनंतर मशीन कुणी झाकलंच नाही, म्हणून कुणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरात एकटी असताना मी गेलो. आवरण तिच्या मांडीवर ठेवलं, आतली बाजू वर. तिनं चष्मा लावला. कागद सावकाश वाचला, शेवटपर्यंत. मग टाचणी काढली, उजेडात धरली, उठून उशी आणली आणि तिच्यात खोचली.

"बारा," ती म्हणाली.

मी फोन काढला. "आत्ता सांगतो त्याला. आत्ताच्या आत्ता."

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. नजर चपलांच्या कपाटाकडे वळली.

"नका सांगू, राजे. मशीन काही परत यायचं नाही. नुसतं ‘सॉरी आई’ येऊन बसेल त्या जागेवर."