हाल्वरच्या घरचं खमीर

आमच्या खोऱ्यात कुणाचं खमीर मेलं तर त्याने शेजारी जायचं, बरणी पुढे करायची आणि दे म्हणायचं. यात लाज कसली आलीय? बिअर सगळ्यांनाच करायची असते आणि खमीर कधी ना कधी सगळ्यांनाच दगा देतं. फक्त माझा शेजारी हाल्वर, त्याने उभ्या जन्मात कुणापुढे बरणी धरली नव्हती. "हे माझ्या बापाचं खमीर आहे. आमचं दुसऱ्याच्या बरणीत गेलं असेल, दुसऱ्याचं आमच्या बरणीत कधी आलेलं नाही," असं तो दर बिअरला सांगायचा, आणि आम्ही सगळे "हो बाबा, खरंय तुझं" म्हणून आपापल्या वाडग्यात तोंड खुपसायचो. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

कारण बापाचं खमीर हाल्वरने पहिल्याच हिवाळ्यात मारलं होतं.

बापाने जाताना बरणी त्याच्या हातात दिली आणि "हे जिवंत ठेव" एवढंच म्हणाला. आता खमीर ठेवायचं म्हणजे काय, तर बिअरच्या तळाशी बसलेला साका फडक्यावर पसरायचा, वाळवायचा आणि त्याच्या पापड्या बरणीत भरायच्या. बाप ते फडकं चुलीमागच्या भिंतीला टांगायचा. जुनी चूल ती, मागची भिंत जेमतेम कोमट व्हायची. हाल्वरने नवं घर बांधलं, लोखंडी शेगडी आणली आणि फडकं टांगलं शेगडीमागे, कारण बाप तिथेच टांगायचा. त्या शेगडीमागे मोजे ठेवले तरी करपतात. पण हाल्वरला सांगणार कोण? तो स्वतःचं सोडून कुणाचं ऐकत नाही, आणि स्वतःचंही एकदाच ऐकतो.

त्या हिवाळ्यात त्याची बायको सिन्नोव्ह माझ्या मागच्या दाराशी आली. तिने चिमूटभर पापडी गोड पाण्यात टाकून पाहिली होती, आणि तिच्यात काही हललं नव्हतं. "तुरीद, त्याला कळलं तर तो कोलमडेल गं," म्हणाली. "बापाने दिलेली एकच गोष्ट, तीही गेली म्हणेल." मी माझ्या बरणीतलं दिलं. तेव्हापासून तो वाळवायचा, ती गुपचूप फेकायची आणि माझ्याकडचं भरून न्यायची. मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. पण खोऱ्यातल्या लोकांना डोळे आहेत. बिअरच्या आदल्या आठवड्यात सिन्नोव्ह एप्रनखाली काहीतरी घेऊन माझ्या मागच्या दाराने येते हे मेंढ्यांनाही कळलं असेल, हाल्वरला सोडून.

तर या ऑक्टोबरात सिन्नोव्ह ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. शनिवारी घरी सोडणार होते, आणि शनिवारीच तिला सत्तर वर्षं पुरी होत होती. हाल्वरच्या डोक्यात काय आलं असेल? एकट्याने बिअर करायची. थोडीथोडकी नाही, अख्ख्या खोऱ्याला पुरेल एवढी. तीही कुणाला न सांगता, म्हणजे घरी आल्यावर बायको थक्क झाली पाहिजे.

मला कळलं ते मंगळवारी सकाळी, त्याच्या शेडमधून धूर निघाला तेव्हा. बरणी बदलायला सिन्नोव्ह घरी नव्हती ना.

मी ताबडतोब माझं खमीर एका डब्यात घातलं, डबा स्वेटरखाली दडवला आणि त्याच्याकडे गेले. शेडमध्ये त्याचा तो कारखाना सुरू होता. गाई विकल्या तेव्हा दुधाची मोठी टाकी उरली होती, ती आता त्याचं पिंप. गाळायला जुन्या वॉशिंग मशीनचा भोकाभोकांचा ड्रम. ढवळायला होडीचं वल्हं. खालून काय तापतंय, वरून काय गळतंय, मधे कुठला पाइप कुठे गेलाय हे फक्त त्याला ठाऊक, आणि मला तर वाटतं त्यालाही नसावं. टाकीच्या तळाशी जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या अंथरलेल्या, त्यातून मोड आणलेल्या सातूचा गोड काढा तांबूस होऊन ठिबकत होता. वास मात्र असा सुटला होता की माझा सगळा राग निम्मा झाला.

"ये, चाखून बघ," तो म्हणाला.

"एकट्याने करतोयस? वल्हं मारायला तरी कुणाला बोलवायचंस."

"सिन्नोव्हशिवाय मला पाणीसुद्धा उकळता येत नाही असं तुम्हाला सगळ्यांना वाटतं. शनिवारी बघा."

"खमीर कुठंय?"

त्याने छातीवरचा खिसा थोपटला. बरणी चक्क खिशात. आता खिशातली बरणी मी कशी बदलणार? दोनदा त्याला घरात पाठवून पाहिलं. फोन वाजतोय म्हटलं, तर "वाजू दे" म्हणाला. कॉफी तरी कर म्हटलं, तर म्हणाला, "तू कर, तुला माझ्या घरातलं सगळं सापडतं." शेवटी मी सरळच म्हटलं, "हाल्वर, माझं थोडं खमीर घाल बरोबर. जोडीला असलेलं बरं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या टाकीत थुंकले असते तरी चाललं असतं. "आमच्या घरात दुसऱ्याचं खमीर येत नाही," म्हणाला. मी डबा घेऊन परत आले. तोंड उघडावं तर सिन्नोव्हला दिलेला शब्द मोडतो, न उघडावं तर एवढा सातू वाया जातो. मधला ओढा पार करेपर्यंत मी त्या दोघांनाही मनातल्या मनात भरपूर ऐकवलं.

संध्याकाळी काढा धारोष्ण दुधाइतका निवला तेव्हा त्याने खमीर टाकलं. मला कळलं, कारण खमीर टाकताना ओरडायचं असतं, नाहीतर बिअर मरगळलेली होते. हाल्वर असा ओरडला की माझ्या मेंढ्या कुंपणाला जाऊन धडकल्या. आमचं खमीर दमदार असतं, जेवण उरकेपर्यंत फेस धरतं. जेवणानंतर तो हमखास ओट्यावर येऊन पाइप ओढत बसतो, म्हणजे सगळ्यांना दिसावं की काम फत्ते झालं. त्या दिवशी ओटा रिकामाच राहिला.

बुधवारी सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. पुढच्या दाराने. टोपी हातात, दाढी केलेली नाही, आणि दुसऱ्या हातात रिकामी बरणी. ती बरणी त्याने माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी येतेय ती."

बास, एवढंच. मला त्याला चांगलं खडसवायचं होतं, पण ते जमलं नाही. मी मुकाट्याने फ्रीजरमधून पिशवी काढली आणि बरणी भरली. त्याने बरणी उचलली, त्यातल्या पापड्यांकडे पाहिलं, नाकाशी नेली. मग खुर्चीत बसला.

"हा वास आमचा आहे," म्हणाला.

चुलीवर दूध होतं, ते मी उगाच ढवळत राहिले.

"तुरीद, हे आमचंच आहे. दर वर्षी हेच असतं बरणीत. काल बरणीत होतं ते हे नव्हतं."

आता पाठ वळवून किती वेळ दूध ढवळणार? मी सांगितलं. शेगडी, करपलेलं फडकं, मागचं दार, सगळं सांगितलं. तो मधे एकदाच बोलला. "पहिल्याच हिवाळ्यात?" म्हणाला. मी हो म्हटलं. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बापाने दिलेली वस्तू हरवली म्हणून पोरासारखा बसला होता.

"आणि इतकी वर्षं ती..."

"इतकी वर्षं. बर्फात, पावसात. एकदा ताप अंगात असताना."

"आणि तुम्ही सगळे वाडग्यात तोंड घालून..."

"मग काय करणार? तुझं तोंड बंद होत नव्हतं, म्हणून आमची झाकावी लागत होती."

यावर तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आता नीट ऐक. माझ्या सासूने हे खमीर आणलं कुणाकडून? तुझ्या बापाकडून. तुझ्याकडे मेलं, माझ्याकडे जगलं. तेव्हा शनिवारी खुशाल सांग बापाचं म्हणून. खोटं ठरणार नाही आणि कुणी काही बोलणारही नाही. मी बघते कोण बोलतो ते."

तो उठला, बरणी खिशात घातली. दारात थांबून म्हणाला, "काढा पुन्हा तापवायला लागेल." आणि गेला. थोड्या वेळाने त्याची आरोळी ऐकू आली. कालच्यापेक्षा बारीक होती, पण होती. जेवायच्या वेळी मी शेडमध्ये डोकावले तर टाकीवर फेस चढला होता आणि हाल्वर तिच्याशेजारी बादली उपडी घालून बसला होता.

शनिवारी सगळं खोरं त्याच्याकडे लोटलं. मेंढीचं खारवलेलं मांस, कडक भाकऱ्या, साय घातलेली खीर, सगळं आम्ही बायकांनीच नेलं. कारण हाल्वरने बिअर केली म्हणजे बाकी काही करायचं असतं हे तो विसरला होता. सिन्नोव्हला कुबड्यांसकट आणून खिडकीजवळ बसवली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी जवळ गेले तशी माझा हात घट्ट धरून पुटपुटली, "तुरीद, बरणी कुणी बदलली?"

"बिअर पी," मी म्हटलं.

लाकडी वाडगा फिरला. बिअर झकास झाली होती, माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही, पण झाली होती. दाट, तांबूस, घशाखाली उतरली की जुनिपर मागे रेंगाळणारी. मग रीतीप्रमाणे विचारायचं ते विचारायला ओद्वार उभा राहिला. खोऱ्यातला सगळ्यात आगाऊ माणूस हाच. वाडगा वर धरून तो म्हणाला, "काय हाल्वर, खमीर कुणाचं म्हणायचं?"

सगळ्यांनी सवयीने वाडगे तोंडाकडे नेले.

हाल्वरने आमच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. "सिन्नोव्हचं," म्हणाला.

कुणी प्यायलं नाही, कुणी हसलं नाही. सिन्नोव्ह आधी पांढरी पडली, मग कानापर्यंत लाल झाली. तिने कुबडी टेकवली, जराशी पुढे झुकली आणि सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"बुधवारपासून," हाल्वर म्हणाला.

मग मात्र घर हादरलं. ओद्वारच्या नाकातून बिअर आली. सिन्नोव्ह इतकी हसली की खुबा धरून ओरडायला लागली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. हाल्वर तिच्यासमोर उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो खाली वाकला आणि म्हणाला, "आता तू बस. यापुढे तुरीदकडे मी जाईन."

"पुढच्या दाराने ये," मी म्हटलं. मला आणखी बोलायचं होतं, पण मला रडूच आलं. सगळ्यांसमोर रडले, त्यात काय झालं.