बाजारातलं भाषण आणि फुटलेली तोटी

खून, दरोडे, दंगली असे पुष्कळ तपास माझ्या हातून झाले. पण आजही मनात ताजी आहे ती घटना पाण्याच्या एका टँकरची.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नांदेडकडून बदली होऊन मी अहमदपूर तालुक्यातल्या एका ठाण्यावर फौजदार म्हणून आलो, तेव्हा आमच्या जीपवर जुन्या जिल्ह्याचंच नाव होतं. पावसाने दगा दिला होता. विहिरी आटल्या होत्या आणि गावोगाव सरकारी टँकर फिरत होते.

एका सकाळी अशाच एका टँकरचा ड्रायव्हर फिर्याद द्यायला आला. शेजारच्या गावातल्या बौद्ध वस्तीकडे जाताना ओढ्याजवळ बायकांच्या जमावाने गाडी अडवली, दगडांनी तोटी फोडली आणि सगळं पाणी मातीत गेलं, असं त्याचं म्हणणं. चिथावणी देणारी म्हणून त्याने वस्तीतल्या एका बाईचं नाव घेतलं.

ही बाई मला ऐकून माहीत होती. दहावीपर्यंत शिकलेली, घरी शिवणकाम करणारी. सगळे तिला ताई म्हणत. त्याच आठवड्यात तिने बाजारात बैलगाडीवर उभं राहून भाषण केलं होतं. वस्तीचं पाणी पंचायत समितीच्या सभापतींच्या मोसंबीच्या बागेला जातं, हे तिने त्यांचं नाव घेऊन सांगितलं. सरपंच सगळं पाहून तोंडात गुळणी धरून बसतात, असंही म्हणाली. आम्हा पोलिसांनाही तिने सोडलं नव्हतं.

फिर्याद लिहून होते न होते तोच सभापतींचा फोन आला.

"फौजदार, तिला उचला. बोलायची मस्ती जिरली पाहिजे. सरपंचच साक्ष देतील."

पाठोपाठ हवालदाराने खबर आणली. स्टँडवरचा पानवाला त्याचा खबऱ्या. तो सांगत होता, "फोडा टँकर, असं ती भर बाजारात म्हणाली."

मी दोन पंच घेऊन आधी जागेवर गेलो. टँकर रस्त्याच्या कडेला उभा होता. तोटी मोडलेली, खाली दगड पडलेले. पण तोटीखालची धूळ कोरडी ठणठणीत! टँकरभर पाणी सांडलं असतं, तर त्या काळ्या मातीत पाय रुतले असते. जमावाच्या पावलांचाही मागमूस नव्हता. पंचनाम्यात हे सगळं नोंदवलं आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. मी वस्तीत गेलो. ताई मशीनवर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या आणि बाज पुढे केली.

"ताई, बाजारात काय बोललात?"

"जे बोलले ते लिहून घ्या साहेब. पाणी मोसंबीला जातंय म्हणले. सरपंच गप्प हायत म्हणले."

"आणि पोलिसांबद्दल?"

माझ्याबरोबरचा हवालदार चुळबुळला. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हाव, तेबी बोलले. साहेबलोकांच्या गाडीपुढं जीप पळवता, आमच्या टँकरमागं एक शिपाई देत न्हाई. खोटं हाय का?"

मी जबाबात तो शब्द न शब्द उतरवला.

"आणि टँकर फोडा म्हणालात?"

"आमच्या लेकरांचं पाणी आम्हीच फोडू का?"

आता प्रश्न सरपंचांच्या साक्षीचा. ते गावचे मोठे जमीनदार, सभापतींच्या पार्टीतले. वस्तीतले लोक त्यांना मालक म्हणत. ताई एकट्याच सरपंच म्हणायच्या, याचाही त्यांना राग होता म्हणे. ठाण्यात ते आले तेव्हा चेहरा घट्ट होता. मी म्हणालो, "बाजारात ती काय बोलली, तेवढंच सांगा."

"लई बोलली साहेब. समद्या बाजारात माझी इज्जत घालवली. घरात दोन दिवस कुणाशी बोललो न्हाई मी."

"टँकर फोडा म्हणाली का?"

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"न्हाई. ती म्हणली, बायांनो, टँकर दिसला की आडव्या बसा, अन् कुठं चाललाय ते इचारा. दगडाचं नावबी काढलं न्हाई तिनं."

"सभापती म्हणतात, तुम्ही वेगळी साक्ष द्याल."

"मला तिचा राग हाय, तो हायच. पण ती तोंडावर बोलली, मी तिच्या माघारी खोटं बोलू का? लिहा."

मी लिहिलं, त्यांनी सही केली. त्यानंतर ड्रायव्हरला समोर बसवलं. हात लावायची गरजच पडली नाही. पंचनामा वाचून दाखवला आणि विचारलं, "पाणी कुठे गेलं?"

"मुरलं साहेब."

"वरची धूळ न भिजवता?"

तो रडायलाच लागला. टँकर बागेत रिकामा झाला होता. भाषणानंतर बायका वाट अडवून रिकामा टँकर पकडतील या भीतीने सभापतींच्या पुतण्यानेच तोटी मोडायला आणि आळ ताईंवर घालायला लावलं होतं. पानवाल्यालाही त्यानेच पढवलं होतं. खोट्या फिर्यादीबद्दल ड्रायव्हर आणि पुतण्या, दोघांवर गुन्हा दाखल झाला. सभापतींपर्यंत पुरावा पोचला नाही, ही खंत राहिली.

पुढचा टँकर मी शिपाई देऊन पाठवला आणि स्वतःही वस्तीत गेलो. सरपंचही आले होते. कुणीतरी म्हणालं, "ताई, मालकांचे आभार मान." ताई घागर ठेवून पुढे आल्या.

"सरपंच, साक्ष खरी दिली, ते मी मानते. पण इतके दिस पाणी पळत होतं, तवा तुम्ही का बोलला न्हाई?"

मला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवून जाणार. पण सरपंच तिथल्याच दगडावर बसले.

"बोल," ते म्हणाले. "ऐकतोय मी."

आणि ती बोलली. पाणी भरून होईपर्यंत बोलली.

नोकरीत मी धाडसी माणसं पाहिली, पण त्या दोघांइतकी मोठी माणसं थोडीच. पुढे कुठल्याही ठाण्यावर असताना, अमका आमच्या साहेबांविरुद्ध बोलतो अशी तक्रार आली, की मी तक्रारदाराला बसवून दोन गोष्टी विचारायचो. तो काय बोलला? आणि त्यातलं खोटं काय आहे? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण खुर्ची सरकवून उठायचे.